खांड वेळेत बुजवा, एवढंच मागतोय

परवाच्या अमावास्येच्या उधाणात आमच्या खारबंदिस्तीला पुन्हा खांड गेली. अलिबाग-पेणकडच्या मंडळींना सांगायला नको, पण मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी: भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचा बांध असतो आणि पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून त्याला उघाड्या. उघाडीची झडप कुजली की संपलं. खारं पाणी भातात शिरलं तर त्या वर्षीचं पीक जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन धड पिकत नाही.

खांड कुठे पडणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मे महिन्यात फोटोसकट अर्ज दिला. उत्तर काय, तर "निधी आला की बघू."

खरी गोम पुढेच आहे. खांड तशीच राहिली की शेतात कांदळवन उगवतं. ते तोडायला बंदी. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलंय. म्हणजे सातबारा आपला, शेती मात्र गेली. आमचे काका कांदळवनाच्या नावाने बोटं मोडतात. अहो काका, झाडांचा काय दोष? हीच झाडं बांधाबाहेर, खाडीच्या अंगाला लाटेचा जोर मोडतात. तिथे ती हवीतच. आत आली ती आपण बोलावली म्हणून.

आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालानुसार जगाची समुद्रपातळी 2006 ते 2018 या काळात वर्षाला सरासरी 3.7 मिलिमीटरने वाढली. ऐकायला चिमूटभर. पण इकडे बांध दरवर्षी खचतोय, खेकडे भोकं पाडतायत. पाणी वर, बांध खाली. पनवेलच्या संशोधन केंद्राने क्षार सोसणारं भात काढलंय, चांगलंच आहे, पण तेही रोजच्या भरतीत उभं राहणार नाही.

समुद्रकिनारी दगडी बंधारा बांधला की नारळ फुटतो, फोटो छापून येतो. उघाडीच्या झडपेचं उद्घाटन कोण करणार?

आजोबांच्या वेळी घरटी एक माणूस बांधावर जायचा, जोळ म्हणायचे त्याला. आता पोरं कंपनीत, फुकट कोण येणार? मग मजुरी द्या. दरवर्षी पावसाआधी डागडुजीचे ठराविक पैसे थेट गावाच्या हातात द्या.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडतोय. तुमच्या खारीतल्या खांडीचा फोटो तारखेसकट कमेंटमध्ये टाका. सोबत जोडतो.