आधी कान, मग डोळा, शेवटी हात

मुलाला तिसरे वर्ष लागले की सुशिक्षित मराठी घरात एक नवी चिंता पाऊल टाकते. शेजारच्या मुलाला अंकलिपीतील सारी अक्षरे ओळखता येतात, नात्यातील कोणाची मुलगी आपले नाव लिहू लागली आहे, आणि आपले मूल मात्र अजून पाटीवर रेघोट्याच ओढते आहे, ही जाणीव आईबापांना स्वस्थ बसू देत नाही. मग बाजारातून ठिपक्यांची अक्षरे छापलेली गिरवण्याची पुस्तके घरी येतात. दिवेलागणीला मुलाला सक्तीने बसवले जाते, त्याच्या चिमुकल्या बोटांत पेन्सिल दिली जाते आणि पानभर ‘अ’ उमटेपर्यंत त्याची सुटका होत नाही. याच्या अगदी विरुद्ध टोकाला दुसरे पालक आहेत. ‘लिहिणेवाचणे शिकवण्यासाठी शाळा आहे, त्यासाठी आपण फी भरतो; घरी पुन्हा तोच उपद्व्याप कशाला?’ असा त्यांचा रोखठोक सवाल असतो.

या दोन्ही भूमिका परस्परविरोधी दिसत असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. वाचन म्हणजे अक्षरे ओळखणे आणि अक्षरे ओळखणे म्हणजे ती गिरवणे, असे दोघेही धरून चालतात. वस्तुतः वाचनाची वाट मुलाच्या कानापासून सुरू होते, डोळ्यांतून पुढे जाते आणि हाताशी शेवटी येते. आपण हातापासून आरंभ करतो, डोळ्यावर ताण देतो आणि कानाचा तर विचारच करीत नाही. घराने करावयाचे काम आहे ते हा उलटा झालेला क्रम सुलट करण्याचे.

अक्षरे येतात पण वाचता येत नाही, ही अवस्था किती व्यापक आहे, याची साक्ष ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीने वर्षानुवर्षे दिली आहे. या पाहणीतील कार्यकर्ते खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांपुढे अक्षरे, शब्द, एक सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट ठेवतात. २०२४ च्या पाहणीत देशातील ग्रामीण सरकारी शाळांमधील पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच ही दुसरीची गोष्ट वाचता आली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले पाच वर्षे शाळेत जाऊनही वाचनाच्या उंबरठ्यावर वा त्याच्या अलीकडेच घोटाळत राहिली. हा दोष त्या मुलांच्या बुद्धीचा आहे असे कोणीही विचारी माणूस म्हणणार नाही. अक्षर आणि अर्थ यांच्यामधला पूलच आपण बांधलेला नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

हा पूल ध्वनीचा असतो. ‘कमळ’ हा साधा शब्द घेऊ. मूल क, म, ळ ही तीन अक्षरे सुटी सुटी आणि अचूक ओळखते. आपण विचारतो, ‘मग काय झाले?’ मूल गप्प राहते, किंवा चित्राकडे पाहून ‘फूल’ म्हणते! याचे कारण उघड आहे. सुट्या उच्चारात प्रत्येक अक्षराच्या शेवटी ‘अ’ ऐकू येतो. पण सलग शब्द उच्चारताना शेवटच्या ‘ळ’ मधील ‘अ’ आपण गिळून टाकतो. तीन सुटे ध्वनी जवळ आणून त्यांतून ओळखीचा शब्द ऐकण्याचे काम कानाला करावे लागते, आणि ज्या कानाला शब्दांची तोडजोड करण्याची सवय नाही तो तेथे अडतो. ही सवय पाटीवर लागत नाही. ती गोष्टी ऐकून, बडबडगीते म्हणून, कोडी घालून आणि शब्दांच्या भेंड्या खेळून लागते. शब्दाचे शेवटचे अक्षर पकडून त्यापासून नवा शब्द शोधणे हा आपल्या घरांतला जुना खेळ. प्रवासात आणि पावसाळी संध्याकाळी करमणूक म्हणून खेळला जाणारा हा प्रकार वाचनाची किती उत्तम पूर्वतयारी आहे, याचा आपण कधी विचारच केला नाही.

कानाची ही तयारी करण्यासाठी आईबाप शिकलेले असलेच पाहिजेत असे नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या आणि कविता दुसऱ्यांनी उतरून घेतल्या म्हणून १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने मराठी वाचकांपुढे आल्या. अशा घरातील भाषेला दरिद्री म्हणण्याचे धाडस कोण करील? ज्या आईला अक्षर ओळखता येत नाही, तिच्याजवळ ओव्या असतात, म्हणी असतात, शेताबांधावरच्या हकीकती असतात. मुलाला गोष्ट सांगणारी निरक्षर आई त्याच्या वाचनाचा जेवढा भक्कम पाया घालते, तेवढा मुलाशी न बोलता त्याच्यापुढे गिरवण्याचे पुस्तक टाकणारा पदवीधर बापही घालू शकत नाही. शिशुवर्गातील मुलांना घरचा अभ्यास देऊन तो पालकांकडून करून घेणाऱ्या शाळा या आईला अकारण अपराधी ठरवतात. तिच्याकडे जे आहे ते मागावे, नाही ते मागू नये, एवढे तारतम्य शाळांनी दाखवावयास हवे.

कानानंतर डोळा. आपली लिपी उच्चारानुसारी आहे, हे मराठी मुलाचे मोठे भाग्य. इंग्रजीतील ‘सी’ हे अक्षर कधी ‘क’ होते, कधी ‘स’ होते. आपला ‘क’ मात्र कोठेही गेला तरी ‘क’च राहतो. तथापि या लिपीच्याही काही अडचणी आहेत. ३४ व्यंजनांना १२ स्वरांनी गुणले तर ४०८ रूपे होतात आणि जोडाक्षरे त्यापुढे वेगळीच. ही सारी रूपे सुटी पाठ करावयाची असतील तर बालपण त्यातच संपेल! ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘क’ च्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार मात्र ‘क’ च्या नंतर होतो. ‘सूर्य’ मधला रफार ‘य’ च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात त्याच्या आधी येतो. मुलाचा डोळा येथे गोंधळला तर तो निष्काळजीपणा नसतो. लिपीतील वाकडी वळणे त्याला अजून सरावाची झालेली नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणूनच आधी सगळी मुळाक्षरे आणि ती संपल्यावर सगळी बाराखडी, हा आपला पाठांतराचा मार्ग लांबचा आहे. त्यात महिनोन्‌महिने मुलाच्या हाती एकही अर्थपूर्ण शब्द पडत नाही. त्याऐवजी क, म, र, ल, न ही पाच अक्षरे आणि सोबत फक्त काना घ्यावा. एवढ्या भांडवलावर मामा, काका, नाना, कान, नाक, मान, रान, काम, लाल, मला, कमान हे शब्द मुलाला वाचता येतात. आठदहा दिवसांत आपण ‘वाचतो’ हा आनंद त्याला मिळतो, आणि चिन्ह बदलले की ध्वनी बदलतो हे लिपीचे मर्म त्याला उमगते. ते एकदा उमगले की ४०८ रूपे पाठ करण्याची गरज उरत नाही. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे प्रगत शिक्षण संस्थेच्या द्वारा काम उभे करणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनाच्या प्रारंभिक शिक्षणासाठी अशाच दिशेने पद्धती विकसित केली. शाळेत जाऊनही वाचू न शकणाऱ्या गरीब वस्तीतील मुलांपासून त्यांच्या कार्याची सुरुवात झाली, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. जन्माने अमेरिकन असलेल्या या विदुषीने आपल्या लिपीचा जो बारकाईने विचार केला, तो आपण आपल्या घरात का करू नये?

डोळ्याला खाद्य पुरवण्यासाठी खर्चही फार नको. मुलाचे नाव त्याच्या डब्यावर आणि कपड्यांच्या कप्प्यावर लिहून ठेवावे. दुकानाच्या पाट्या, बसवरील गावांची नावे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील वार त्याला दाखवावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दररोज त्याला जवळ घेऊन, ओळीखालून बोट फिरवीत, एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयासारख्या मालांमधील पुस्तके कारकुनाच्या वा शिक्षकाच्या पगारात न बसणारी नाहीत. तीच गोष्ट मूल पुन्हा पुन्हा मागते, तेव्हा आपण कंटाळतो. पण त्या पुनरावृत्तीतच कानाने पाठ झालेला शब्द आणि डोळ्याला दिसणारा शब्द यांची गाठ पडत असते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील गाणी हे काम करू शकत नाहीत. मुलाने ‘हे काय?’ म्हणून विचारले तर पडदा थांबत नाही, माणूस थांबतो.

राहता राहिला हात. तीन वर्षांच्या मुलाचे मनगट आणि बोटे पेन्सिलीची चिमूट धरण्याइतकी तयार नसतात. आपल्या पूर्वजांना हे अनुभवाने ठाऊक असावे. म्हणूनच धुळीत बोट फिरवून काढलेल्या धुळाक्षरांनी ते मुलाचा श्रीगणेशा करीत. मारिया मॉन्टेसरी यांनी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलाचे बोट फिरविले, त्यातही हेच सूत्र होते: आधी बोट, नंतर लेखणी. मॉन्टेसरी पद्धतीत लेखन वाचनाच्या आधी येते, असा आक्षेप येथे कोणी घेईल. परंतु त्या पद्धतीतही बोटाच्या स्पर्शाबरोबर अक्षराचा ध्वनी मुलाच्या कानी पडतो, आणि हाताच्या तयारीसाठी कितीतरी खेळ आधी योजलेले असतात. ठिपके जोडून वही भरण्याशी तिचे काहीही नाते नाही.

१९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी या विचाराला आपल्या मातीचे रूप दिले. ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे प्रयोग केले, त्यांत महागड्या साधनांची जागा खडे, बिया, पाने आणि शंखशिंपल्यांनी घेतली. मुले बालवाडीकडे येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली. घर आणि शिक्षण यांच्यातील अंतर मिटवण्याचा याहून सुंदर प्रयत्न आपल्या इतिहासात क्वचितच झाला असेल. मात्र अंगणाला शाळा शिकवणाऱ्या ताराबाईंच्या महाराष्ट्रात आज घराची शाळा, तीही वाईट शाळा, करण्याची अहमहमिका लागली आहे.

याला केवळ पालक जबाबदार आहेत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती घेण्याची प्रथा बंद करावी, अशी शिफारस यशपाल समितीने १९९३ मध्येच केली होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाळणी करण्यास मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकसंध पायाभूत टप्पा मानून त्यात खेळाला अग्रस्थान दिले. कागदावर सारे योग्य आहे. परंतु जोपर्यंत शाळा बालवर्गातील भरलेली वही हेच आपल्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र म्हणून मिरवतील, आणि पालकही ते मागतील, तोपर्यंत मुलाच्या हातातील पेन्सिल सुटणार नाही.

आणखी एक प्रश्न टाळून चालणार नाही. मराठी मध्यमवर्गाने, त्यांतही मराठी शाळांतील कित्येक शिक्षकांनी, आपली मुले इंग्रजी माध्यमात घातली आहेत. त्याची कारणमीमांसा हा स्वतंत्र विषय आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला, हे स्वागतार्हच. पण आठवड्यातील चार तासांनी भाषा मुलाची होत नसते. अशा घरांत मराठी अक्षराची जबाबदारी आता घरावरच येऊन पडली आहे. मराठी घराला ही जबाबदारी नवी नाही. जेव्हा स्त्रियांना शाळेची दारे बंद होती, तेव्हा सावित्रीबाईंना जोतीरावांनी आणि रमाबाईंना न्यायमूर्ती रानड्यांनी घरातच अक्षर दिले, तेही घरच्यांचा वा समाजाचा रोष पत्करून. आजच्या पालकाला कोणाचा रोष पत्करावयाचा नाही. दिवसाकाठी पंधरावीस मिनिटे तेवढी द्यावयाची आहेत. ज्याला आपल्या भाषेत चिन्ह आणि ध्वनी यांचे नाते कळले, त्याला दुसऱ्या लिपीत ते शोधणे जड जात नाही, हेही इंग्रजीच्या काळजीने व्याकूळ झालेल्या पालकांनी ध्यानात घ्यावे.

तात्पर्य, घराने शाळा होण्याची गरज नाही आणि हात झटकून मोकळे होण्याचीही सोय नाही. तिसऱ्या वर्षी मुलाला गोष्टी द्याव्यात, चौथ्या वर्षी गोष्टीबरोबर पुस्तकाचे पान द्यावे, पाचव्या वर्षी त्याच्या कुतूहलाच्या गतीने पाचपाच अक्षरे द्यावीत, आणि पेन्सिल त्याने मागितल्यावर द्यावी. एखादे मूल सहाव्या महिन्यात वाचेल, एखाद्याला दोन वर्षे लागतील. या फरकाने आयुष्यात काही बिघडत नाही. बिघडते ते पुस्तक दिसताच मूल तोंड फिरवू लागले म्हणजे. अक्षर उशिरा आले तर ते भरून काढता येते; अक्षराची भीती एकदा बसली की ती काढण्यास पुढची कित्येक वर्षे अपुरी पडतात.