खाकऱ्याला भाव आहे, हातांना का नाही?



घरून काही ना काही विकणाऱ्या बायका आता आपल्या समाजात गल्लोगल्ली आहेत. कुणी खाकरे करते, कुणी मुगाचे पापड, कुणी बिनकांदा-लसणाचे मसाले, कुणी ब्लाउज शिवते. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, "काय गं, धंदा कसा चाललाय?" लगेच उत्तर येतं, "धंदा कसला मावशी, वेळ जातो म्हणून करते." मला या वाक्याचा राग येतो. पहाटे उठून कणीक मळायची, दुपारभर तव्यासमोर उभं राहायचं आणि वर म्हणायचं, वेळ जातो! वेळ घालवायला टीव्ही आहे की.

हे नुसतं बोलणं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण जी स्वतःच्या कामाला धंदा म्हणत नाही, ती त्याचा हिशेबही ठेवत नाही. दिवाळीला घरातल्या पुरुषांच्या वह्यांची पूजा होते. तबक आपणच सजवतो, स्वस्तिक आपणच काढतो. आणि आपल्या खाकऱ्यांना मात्र साधी शंभर पानी वहीसुद्धा नसते.

वही नसली की काय होतं, ते एका हिशेबातून दाखवते. समजा, एक किलो खाकऱ्याला कणीक, तूप, मसाला मिळून ११० रुपये लागले. गॅस ३० रुपये, पिशवी आणि लेबल २० रुपये, तुटफूट १० रुपये. झाले १७०. ती विकते २४० ला आणि खूश होते की किलोमागे ७० रुपये सुटले. आता तिला विचारा, किलोभर खाकरे लाटायला आणि भाजायला किती वेळ लागतो? मळण्यापासून पिशवी बंद करेपर्यंत तीन तास तरी जातात. म्हणजे ताशी २३ रुपये. एवढ्या पैशात आपल्याकडे भांडी घासायला तरी कुणी येईल का? ताशी ६० रुपये धरले तरी मजुरीचे १८० होतात आणि खर्च ३५० वर जातो. त्यावर मिक्सरच्या दुरुस्तीला आणि पुढच्या मालाला म्हणून दहा टक्के धरले, तर भाव ३८५ होतो. २४० ला विकणारी बाई नफा कमवत नाही. ती आपली मजुरी गिऱ्हाइकाला दान करते आणि त्या दानाची पावतीसुद्धा तिला मिळत नाही.

मी कॉमर्स शिकले तेव्हा पुस्तपालनात सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवली होती: मालक वेगळा आणि धंदा वेगळा. मालकाने दुकानातली साखर घरी नेली तरी ती 'उचल' म्हणून लिहायची. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. घरच्या डब्यातलं तूप धंद्यात जातं, धंद्यातले खाकरे नणंदेच्या घरी जातात, आणि महिनाअखेर पर्समध्ये उरलेल्या नोटा मोजून आपण म्हणतो, "बरं चाललंय." बरं चाललंय की घरखर्चातून धंदा पोसला जातोय, हे कोण सांगणार? नोटा सांगत नाहीत, वही सांगते.

"एवढा भाव लावला तर घेणार कोण?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्यांना मी लिज्जतचं उदाहरण देते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपण त्यांची गोष्ट भाषणात सांगतो, टाळ्या वाजवतो, पण त्यातला कळीचा मुद्दा विसरतो. तिथे लाटणाऱ्या बहिणीला किलोमागे लाटण्याची मजुरी मिळते, तिला 'वणाई' म्हणतात. हातांची मजुरी धरूनही पापड देशभर खपतो. आणि तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, हे त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. वेळ घालवणाऱ्या बायका असं काही ठरवत नाहीत.

दुसरी सबब असते नात्याची. "घरच्या माणसांकडे पैसे कसे मागायचे?" खरं तर घरचे आणि समाजातलेच सगळ्यात मोठे उधारीवाले असतात. पर्युषणात प्रभावनेसाठी दोनशे पाकिटांची ऑर्डर येते, ती बिचारी रात्री जागून पुरी करते आणि पैसे दिवाळी उलटली तरी येत नाहीत. विचारलं तर "पळून जातोय का आम्ही?" माझ्या ओळखीतल्या एकीने अशाच थकलेल्या पैशांपायी दोन वर्षांत काम बंद केलं. हात चांगला होता, माल चांगला होता. फक्त किराणावाला रोखीने देत होता आणि गिऱ्हाईक उधारीने घेत होतं. म्हणून मोठ्या ऑर्डरला निम्मे पैसे आधी घ्या आणि उरलेले माल देताना घ्या. सांगताना खाली बघायचं काही कारण नाही. आपले सासरे-नवरे व्यापारात हेच करतात, त्यांना कुणी निर्लज्ज म्हणत नाही.

तिसरी सबब धर्माची, आणि ती मला सगळ्यात जास्त खुपते. "आपल्याला काय कमी आहे? एवढा लोभ कशाला?" लोभ वाईटच. पण कष्टाचा रास्त मोबदला हा लोभ कसा? धर्माने व्यापाराला नको म्हटलेलं नाही, खोट्या व्यापाराला नको म्हटलंय. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याचे अतिचार सांगितलेत. हीनाधिक मानोन्मान म्हणजे मापात मारणं, प्रतिरूपक व्यवहार म्हणजे भेसळ, आणि विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याचे नियम मोडणं. प्रतिक्रमणात आपण या अतिचारांची आलोचना करतो. मग धंद्यातही ते पाळा. पिशवीचं वजन मालात धरू नका, काट्यावर माल नुसता मोजा. बनवल्याची तारीख लिहा. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या छोट्या घरगुती उत्पादकालाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. "घरातल्या घरात आहे, कोण बघतंय" म्हणून ती टाळू नका. हे सगळं सांभाळून घेतलेले पैसे स्वच्छ आहेत. ते घ्यायला संकोचू नका.

आता नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलींना थोडं सांगते. एकच पदार्थ घ्या आणि तो दर वेळी सारखाच होईल इतका हातात बसवा. दहा पदार्थांची यादी छापू नका. रोज रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं वही घेऊन बसा. आज काय आणलं, काय विकलं, कुणाकडे किती राहिले आणि किती तास लागले, एवढं लिहा. तासांचा रकाना विसरू नका, सगळी गंमत त्यातच आहे. चव बघायला किती माल द्यायचा ते महिन्याच्या सुरुवातीला ठरवा. तो संपला की संपला. आणि बँकेत स्वतःच्या नावाचं खातं वेगळं ठेवा. स्टॉलवर मी बघते, माल सुनेचा आणि पैसे घ्यायचा स्कॅनर मुलाच्या नावाचा! उद्या तुम्हाला मोठं यंत्र घ्यायचं झालं तर बँक तुमच्या खात्यात काय आलं ते बघणार. २०१५ पासून मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. पण तुमच्या कमाईची नोंद मुलाच्या खात्यात असेल, तर बँकेला तुम्ही दाखवणार काय?

शेवटी आपल्यासारख्या विकत घेणाऱ्यांना एक सांगायचंय. मॉलमध्ये आपण पाकिटावरची किंमत गुपचूप देतो, आणि स्थानकाबाहेर टेबल मांडून बसलेल्या आपल्याच बहिणीशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. वर "घरचंच तर आहे" म्हणून एक पाकीट फुकट मागतो. साधर्मिक भक्ती म्हणजे फक्त जेवण घालणं नाही. तिने सांगितलेला भाव पुरा देणं, तोही त्याच दिवशी, हीसुद्धा साधर्मिक भक्तीच आहे. तुमच्याकडे कुणाचे पापडाचे, फराळाचे, शिलाईचे पैसे राहिले असतील तर आज संध्याकाळच्या आत पोचते करा. ती मागणार नाही, तुम्हालाही ते ठाऊक आहे.