भात खातो, पण कोणापुढे?

कोरियन भाषा फार अवघड, असे आम्ही ऐकून होतो. घरातली मुले वही घेऊन शिकायला बसली, म्हणून आम्हीही शेजारी बसलो. आणि वाचक बंधू-भगिनींनो, आठवड्याभरातच ध्यानात आले की इंग्रजी शिकताना आपली जी दमछाक झाली, ती येथे नाही. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखे. 'मी भात खातो' याला 'जॉनुन पाबुल मॉगॉयो'. 'जॉ' म्हणजे मी, 'मॉगॉयो' म्हणजे खातो. भाताला तिकडे चक्क 'पाप' म्हणतात! त्याला 'उल' हा कर्माचा प्रत्यय लागला की 'पाबुल' होते.

शब्दामागे प्रत्यय चिकटणे आपल्याला नवे नाही. 'नुन' हा आपल्या 'तर'सारखा, म्हणजे मी म्हणाल तर भात खातो. पण 'कोण खाते?' असे कोणी विचारले तर उत्तरात 'गा' येतो आणि 'जॉ'चे 'जेगा' होते. घराला 'जिप' म्हणतात. 'जिबे गायो' म्हणजे घरी जातो, 'जिबेसॉ मॉगॉयो' म्हणजे घरी खातो. आपले एकच 'घरी' दोन्हीकडे चालते. त्यांना जाण्याचे ठिकाण आणि काम करण्याचे ठिकाण वेगळे दाखवावे लागते. येथे आम्ही बरेच अडखळलो. उलट 'खातो-खाते' हा भेद मुळीच नाही. मुलगा बोलो वा मुलगी, 'मॉगॉयो'च.

खरी गोष्ट पुढेच आहे. 'मी भात खातो' हे आपण लहान पोराला सांगितले काय नि कलेक्टरसाहेबांना सांगितले काय, वाक्य तेच राहते. कोरियनमध्ये तसे चालत नाही. जवळच्या मित्राला 'मॉगॉ', सर्वसाधारण आदराने 'मॉगॉयो', सभेत किंवा साहेबापुढे 'मॉक्सुम्निदा'. समोर कोण आहे हे ठरविल्याशिवाय साधे वाक्यही पुरे होत नाही. ज्यांच्या आजोबांना गावातली शेंबडी पोरेही अरे-तुरे करीत, त्यांना क्रियापदाच्या शेपटीत काय दडलेले असते हे वेगळे सांगायला नको.

2004 साली सुरू झालेल्या परवाना योजनेखाली दक्षिण कोरियात नेपाळ, श्रीलंका अशा देशांतून कामगार जातात. त्यांना आधी कोरियन भाषेची परीक्षा द्यावी लागते. पुस्तकात ते 'यो' शिकून जातात. कारखान्यात मात्र कानावर 'इरी वा' पडते, म्हणजे 'इकडे ये'. वयाने मोठ्या कामगारालाही मुकादम असेच बोलतो, ही तेथील परदेशी कामगारांची जुनी तक्रार आहे. कामगाराने ऐकलेले तेच शब्द भोळेपणाने मुकादमाला परत ऐकविले, तर उद्धट मात्र तो ठरतो! म्हणून आमचे सांगणे असे की शिकणाऱ्याने आधी 'इरी ओसेयो' म्हणजे 'इकडे या' हेच पाठ करावे. 'वा' कानाला ओळखता आला की पुरे.

आदराचा दुसरा प्रकार ज्याच्याविषयी बोलतो त्याच्यासाठी आहे. 'गायो'चे 'गासेयो' होते. आपण 'बाबा गेले' म्हणतो आणि 'आई गेली' म्हणतो. हे आम्हाला या वयात प्रथमच खटकले. त्यांच्याकडे 'ऑमॉनिगा गासेयो', 'आबॉजिगा गासेयो'. आई असो, बाप असो, क्रियापद एकच. फक्त हा 'से' स्वतःला कधी लावायचा नाही. आम्ही पहिल्याच दिवशी 'जॉनुन गासेयो' म्हणून मोकळे झालो आणि मुले पोट धरून हसली.

आता घरात पाणी मागायचे ते 'मुल जुसेयो' असेच, असा नियम झाला आहे. धाकटा मुद्दाम 'मुल ज्वॉ' म्हणतो. त्याला आई सांगते, माठ तिकडे आहे.