कंबरेला काम द्यावे

दुकान वाढवण्याची वेळ झाली की गादीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकणारी, क्षणभर वाकूनच थांबणारी आणि मग हळूहळू सरळ होणारी माणसे व्यापारी पेठेत पुष्कळ दिसतात. नऊ-दहा तास मांडी घालून अथवा लोडाला टेकून बसणे, मधूनच उठून कापडाचे ठाण किंवा धान्याचे पोते ओढणे आणि पुन्हा बसणे, असा दिनक्रम वर्षानुवर्षे चालतो. कंबर दुखू लागली की प्रथम मलम, मग वेदनाशामक गोळी, मग कंबरेचा पट्टा आणि शेवटी एमआरआय, हा क्रमही ठरलेला असतो. ‘मणक्याची गादी सरकली’ असे कोणी सांगितले की घरात भीती शिरते. वाकू नका, उचलू नका, जिना चढू नका, असे वडीलधाऱ्यांना प्रेमाने बजावले जाते. मुलगा गल्ला सांभाळू लागतो आणि काकांचा पलंगावरचा मुक्काम वाढत जातो.

हे प्रेम कंबरेला मानवत नाही.

अहवालातील शब्दांना किती घाबरावे, याचे उत्तर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडते. कंबर मुळीच दुखत नसलेल्या ९८ व्यक्तींचे एमआरआय त्यात काढण्यात आले. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. चकतीची झीज ही बऱ्याच अंशी केस पिकण्यासारखी वयाची खूण असते. ती दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच, असे होत नाही.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि बहुसंख्य रुग्णांत तिच्या मुळाशी एखादा निश्चित आजार सापडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संघटनेने अशा जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम व रुग्णशिक्षण यांची शिफारस आहे. कंबरेचे पट्टे व वजन लावून ताण देणे यांचा नित्य वापर करू नये, असे म्हटले आहे. कपाटात दोन-तीन पट्टे जमवून बसलेल्या घरांनी याची नोंद घ्यावी.

मात्र काही लक्षणे दिसल्यास व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे गेले पाहिजे. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरपणा, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, ही ती लक्षणे होत.

ती नसतील तर प्रश्न उरतो तो दुखत असताना हालचाल कशी करावी हा. येथेच भौतिकोपचारतज्ज्ञाचे खरे काम सुरू होते. विश्रांतीने पाठीचे व नितंबांचे स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंना साधे कामही जड जाते, आणि जड गेले की मनातली भीती वाढते. हे चक्र तोडण्याची एक रीत स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील व्होल्वो कारखान्यात आजमावली गेली. कंबरदुखीमुळे काही आठवडे रजेवर असलेल्या १०३ कामगारांवरील तो अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाला व्यायाम दिला गेला, त्याची ताकद आधी मोजली गेली, कामाची जागा पाहिली गेली, आणि प्रत्येकाला झेपेल त्याहून थोडा कमी व्यायाम ठरवून देऊन तो क्रमाने वाढवण्यात आला. हा गट दुसऱ्या गटापेक्षा लवकर कामावर परतला. त्यातील मर्म असे की किती करायचे हे त्या दिवशीच्या दुखण्यावर सोडलेले नव्हते, ते आधीच ठरलेले होते. बरे वाटले म्हणून एके दिवशी पन्नास वेळा करणे आणि दुसऱ्या दिवशी दुखले म्हणून सोडून देणे, ही घरगुती पद्धत नेमकी याच्या उलट आहे.

आरंभ अगदी साधा असतो. पाठीवर निजून, गुडघे वाकवून, नितंब सावकाश वर उचलावेत आणि पाचपर्यंत मोजून खाली आणावेत. मग हात व गुडघे टेकून उजवा हात पुढे, डावा पाय मागे सरळ करावा. नंतर बाजू बदलावी. पाच-पाच वेळांपासून सुरुवात पुरते. पुढे गुडघे व खुबे वाकवून जमिनीवरचे ठाण उचलण्याचाही सराव केला जातो, कारण दुकानात परतणाऱ्याला तेच करावयाचे असते. व्यायामानंतर किंचित दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमले तर घाबरू नये. दुखणे चढत गेले किंवा पायात उतरले तर प्रमाण बदलून घ्यावे.

अमुकच व्यायाम श्रेष्ठ, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. २०२१ सालच्या कॉक्रेन आढाव्यात २४९ चाचण्या तपासल्या गेल्या. उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे शंभरपैकी सुमारे पंधरा गुणांनी कमी आढळले. हा चमत्कार नव्हे. पण ज्याला रात्री कूस बदलवत नाही त्याला पंधरा गुणांचे मोल कळते. चालण्याचेही तसेच. ऑस्ट्रेलियातील ७०१ प्रौढांवरील चाचणी २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले हे लोक होते. क्रमाने वाढवलेल्या चालण्याच्या कार्यक्रमात दुखणे परतण्यापूर्वीचा मध्यक काळ २०८ दिवस होता, कार्यक्रम न मिळालेल्यांत ११२ दिवस.

सामायिकाच्या ४८ मिनिटांच्या बैठकीचा धसका घेतलेल्या ज्येष्ठांनी खुर्चीवर बसण्यास संकोच करू नये. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेण्याचे मात्र टाळावे, कारण अशा अनेक गोळ्या जठराला इजा करतात. त्या दिवशी व्यायामही हलकाच असावा.

भौतिकोपचार केंद्रात दहा दिवस केवळ शेक व यंत्र लावून निजवले जात असेल, तर घरी काय करायचे आणि पुढच्या आठवड्यात ते कितीने वाढवायचे, हे विचारून घ्यावे. दुकानात पाण्याचा तांब्या गादीजवळ न ठेवता समोरच्या भिंतीशी ठेवला, तर अर्ध्या-पाऊण तासाने उठणे आपोआप घडते. सुनेने किंवा नोकराने तो उचलून हाताशी आणून देऊ नये, एवढे तिला व त्याला आधी सांगून ठेवावे लागते.