जीपच्या पुढच्या चाकांस जोड शॉक-अ‍ॅब्सॉर्बर

डोंगरकडा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) येथील एका वाचकांनीं विचारिलें आहे: "आमच्याजवळ पाट्यांवर बसणारी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे. शेतावर जाणें-येणें, हळद घरीं आणणें आणि प्रसंगीं घरांतील आजारी माणसास नांदेडास नेणें, हीं सर्व कामें तिच्यावरच होतात. मिस्त्री म्हणतात कीं, पुढील प्रत्येक चाकास एकाऐवजीं दोन शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बसवा, म्हणजे गाडी मजबूत होईल व धक्के बसणार नाहींत. तसें करावें काय?" प्रश्न अनेक घरांच्या उपयोगाचा असल्यामुळें उत्तर थोडें विस्तारानें देतों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाडीचें ओझें पाटे उचलतात. शॉक-अ‍ॅब्सॉर्बर तें उचलीत नाहीं. चाक खळग्यांत आदळलें म्हणजे पाटा वांकतो आणि लागलीच उसळतो. ही उसळी आवरली नाहीं तर गाडी झोंपाळ्यासारखी डोलत राहते व चाक क्षणभर जमिनीवरून सुटतें. सुटलेल्या चाकावर ना ब्रेक चालत, ना स्टीअरिंग. उसळी आवरण्याचें काम या नळकांड्याचें. त्यांतील दट्ट्या हालूं लागला कीं आंतलें तेल बारीक छिद्रांतून दाबून जातें आणि हालचालीस विरोध होतो. हालचाल जितकी वेगवान, तितका विरोध अधिक. उसळीची शक्ति अशा रीतीनें उष्णतेंत पालटते व नळकांडें तापतें.

दुसऱ्या महायुद्धांतील मूळ विलीज जीपला प्रत्येक चाकामागें एकच असें नळकांडें होतें. १९४५ सालीं स्थापन होऊन पुढें महिंद्र अँड महिंद्र या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें भारतांत आणिली तीही विलीजचीच जीप. मग जोड नळकांडीं आलीं कोठून? मेक्सिकोंतील बाहा द्वीपकल्पावर १९६७ पासून होणाऱ्या शर्यतीसारख्या लांबच्या वाळवंटी शर्यतींत अशीं नळकांडीं दिसतात. तेथें गाडी खडबडीत वाटेनें तासन्‌तास भरधाव जाते. तेल तापून पातळ होतें, त्यास फेंस येतो आणि विरोध नाहींसा होऊं लागतो. दोन नळकांडीं असलीं म्हणजे उष्णता दोहोंत वांटली जाते.

आतां आपल्या पाणंदीकडे पहा. काळ्या मातीची वाट पावसाळ्यांत चिकट चिखलाची आणि उन्हाळ्यांत वाळून टणक झालेल्या चाकोऱ्यांची. तेथें जीप खालच्या गिअरमध्यें, संथपणें जाते. इतक्या संथ चालीनें तेल फारसें तापत नाहीं. म्हणजे ज्या रोगावर हें औषध, तो रोगच बहुधा येथें नाहीं. उलट एकाच जातीचीं दोन नळकांडीं बसविलीं तर विरोध सुमारें दुप्पट होतो. चाक खळग्यांत चटकन उतरत नाहीं आणि लहानसहान उंचवट्याचा धक्काही सरळ बसणाराच्या पाठीस पोंचतो. आंत गरोदर सून किंवा मणक्याचा विकार असलेले आजोबा असतील तर हें सुधारणें नव्हे, बिघडविणें होय.

म्हणून आधीं आहे तें नीट करावें. नळकांड्यावर तेलाचा ओघळ आहे काय, रबरी बुश झिजले आहेत काय, एखादा पाटा तुटला आहे काय, हें पहावें. पाट्यांचीं शॅकलें गंजून अडकलीं असलीं तरी गाडी दगडासारखी कडक होते. तीं मोकळीं करून वंगण द्यावें. खडबडीत वाटेनें चालून आल्यावर दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांस जपून हात लावावा. एक उष्ण व दुसरें गार लागलें, तर गार असलेलें काम करीत नाहीं असें समजावें. बदलतांना पुढचीं दोन्ही एकदम बदलावीं. वायूच्या दाबाचें चांगलें नळकांडें घेतल्यास तेलास फेंस येण्याची भीतिही पुष्कळ कमी होते.

इतकें करूनही, लांबच्या मुरुमाच्या वाटेनें रोज वेगानें जाण्याचेंच काम असेल, तर जोडीचा विचार करावा. मात्र त्या वेळीं प्रत्येक नळकांडें सौम्य विरोधाचें निवडावें. चाक पुरतें वर व पुरतें खालीं नेऊन लांबी मोजावी. नळकांडें आंतल्या आंत आदळतां किंवा ताणलें जातां कामा नये. स्टीअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून टायर, ब्रेकची नळी व स्टीअरिंगचा दांडा यांस कोठें घासत नाहीं ना, तें पहावें. उभ्या रेषेपासून ४५ अंश तिरकें बसविल्यास परिणाम जवळजवळ निम्माच राहतो. चासीवरील आधार पातळ पत्र्यावर चिकटवूं नये; जाड पट्टी घालून जाणत्या माणसाकडून जोडवावा, आणि वेल्डिंगपूर्वीं बॅटरीची तार सोडावी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नें गाडींतील फेरफारांवर बंधनें घातलीं आहेत. तेव्हां कामास हात घालण्यापूर्वीं हिंगोलीच्या परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विमा नाकारला जाण्यापेक्षां आधींचा हेलपाटा स्वस्त.

तात्पर्य, संख्येनें गाडी बळकट होत नाहीं. चार नळकांडीं निरोगी, पाटे मोकळे, टायरांत हवा योग्य आणि हांकणाराचा पाय संयमी असला, तर पाणंदींतून आजारी माणूसही सुखरूप जाईल. जोडीसाठीं ठेविलेले पैसे प्रथम या दुरुस्तीवर खर्चावे.