धूर मोजला, आता पाणी मोजा

सणासुदीला आपल्या घरांत येणारी स्वस्त छापील साडी बहुधा सुरतेची असते. तिची खरी किंमत मात्र दुकानात कळत नाही. पांडेसरा आणि सचिन येथील रंगाई-छपाईच्या गिरण्यांना कापड धुण्यासाठी अमाप पाणी लागते, वाफेसाठी कोळसा आणि लिग्नाइट जाळावा लागतो. या धुराच्या छायेत राहणाऱ्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेले आपले बांधवही आहेत.

म्हणूनच सुरतेत २०१९ साली सुरू झालेला प्रयोग आम्हांस मोलाचा वाटतो. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुरांड्यांवर अखंड मोजणी करणारी यंत्रे बसवून घेतली, धूलिकणांची एकत्रित मर्यादा ठरविली आणि तिचे हिस्से परवान्यांच्या रूपाने कारखान्यांत वाटले. ज्याचा धूर कमी, त्याने उरलेले परवाने विकावेत. ज्याचा अधिक, त्याने ते विकत घ्यावेत, अन्यथा दंड भरावा. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या योजनेतील कारखान्यांचे धूलिकण इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटले आणि प्रदूषण रोखण्याचा खर्चही जुन्या पद्धतीहून कमी पडला. स्वच्छता पाळल्यास धंदा बुडेल, हे कारखानदारांचे पालुपद त्यामुळे लंगडे ठरले आहे.

परंतु धुराचा हिशेब लागला म्हणून सांडपाण्याचा लागला, असे नव्हे. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिन येथे टँकरमधून नाल्यात रासायनिक द्रव्य सोडले गेले, विषारी वायू उसळला आणि जवळच्या छपाई गिरणीतील ६ कामगार प्राणांस मुकले. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून होताच. नव्हती ती नजर.

उपाय अज्ञात नाहीत. सुरत महानगरपालिका बमरोली येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरविते. आता गिरण्यांतून निघणारे पाणीही धुराप्रमाणेच अखंड मोजले जावे, प्रत्येक टँकरची नोंद व्हावी आणि ते आकडे जनतेस पाहता यावेत.

ही मागणी केवळ सुरतेपुरती नाही. लोट्याच्या रासायनिक वसाहतीविरुद्ध दाभोळ खाडीच्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. महाराष्ट्र शासनाने शेजाऱ्याचा हा धडा गिरवावा. तपासनीस वर्षातून एकदा येतो, खाडीत पाणी मात्र रोज उतरते.