गाण्याचा सातबारा

"बनी तो बनी, नहीं तो परभणी." ही म्हण आमच्या जिल्ह्यात लहान पोरालाही पाठ असते. बाहेर जमले तर ठीक, नाहीतर परत गाव आहेच. माझा भाचा पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गिटार घेऊन परत आला, तेव्हा मोहल्ल्यात दोन-चार जणांनी ही म्हण त्याच्या तोंडावर ऐकवली.

तो चार वर्षे एका रॉक बँडमध्ये वाजवत होता. कॉलेजचे गॅदरिंग, हॉटेलांतले कार्यक्रम, कुठे एखादी स्पर्धा. मिळालेल्या पैशांतून गाडीभाडे आणि साऊंडवाल्याचे पैसे गेले की उरलेले पाच जणांत वाटायचे. ज्या महिन्यात कार्यक्रम नाही त्या महिन्यात पैसे नाहीत. परत आल्यावर त्याने घरामागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, एक कॉम्प्युटर, माईक आणि की-बोर्ड मांडला. आता तो गाणी लिहितो, चाल लावतो, दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून देतो. मी विचारले, "अरे, स्टेज सोडलेस?" म्हणाला, "मामू, अब स्टेज नको. अब गाना बनाने का."

काहींना वाटले पोरगा हरला, काहींना वाटले गिटार सुटली म्हणजे सुधारला. मुसलमानाने संगीताच्या वाटेला जावे का, हा वाद जुना आहे आणि उलेमांमध्ये त्यावर एकमत नाही. ज्या शहरात हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो, तिथे सूर परका नाही एवढेच म्हणून मी पुढे जातो. मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. वाजवणाऱ्याने गाणे बनवणारा होणे ही माघार नाही. पण बनवणाऱ्याला आपल्या गाण्याचा मालकी हक्क कळला नाही, तर मात्र तो स्टेजवर होता त्यापेक्षाही गरीब राहतो.

आधी माघारीचे बोलू. मुंबईत 1994 मध्ये पेंटाग्राम नावाचा रॉक बँड उभा राहिला. त्याचे गायक विशाल दादलानी. 1999 च्या 'प्यार में कभी कभी'पासून ते शेखर रवजियानी यांच्यासोबत चित्रपट संगीतकार झाले. पुढे 'झंकार बीट्स', 'ओम शांती ओम' आले, त्यांनी काही गाणी लिहिलीही. बँडही लगेच सुटला नाही.

दुसरे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. एहसान नूरानी हे ब्लूज आणि रॉकच्या वळणाचे गिटारवादक. लॉस एंजेलिसच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आले, जाहिरातींच्या जिंगल्स केल्या आणि मग शंकर महादेवन व लॉय मेंडोन्सा यांच्याबरोबर संगीतकार झाले. 'दिल चाहता है' 2001 चा. 'कल हो ना हो'साठी तिघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2008 च्या 'रॉक ऑन'मध्ये गिटार पुन्हा पुढे आली. आणि 2015 मध्ये याच तिघांनी मराठीत 'कट्यार काळजात घुसली' केला. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 1967 चे नाटक, पंडित जितेंद्र अभिषेकींचे संगीत, असा मोठा वारसा. त्याला नव्या चालींची जोड देणाऱ्यांत एक मुसलमान गिटारवादक होता. मराठी माणसाने त्यात काही वावगे मानले नाही. गाणी आजही लग्नांत आणि शाळांत गायली जातात.

'कट्यार'ची गोष्ट आठवा. खाँसाहेब आपली गायकी कुणाला देत नाहीत, सदाशिवला ती नोकर बनून चोरून ऐकावी लागते. आपण त्याला अहंकार म्हणतो. पण त्या काळी उस्तादाकडे दुसरी मालमत्ता होती कुठे? ना जमीन, ना कागद. विद्या लपवणे हेच त्याचे कुलूप होते. आजच्या कलाकाराला लपवून चालत नाही. गाणे यूट्यूबवर टाकल्याशिवाय ते कुणापर्यंत जात नाही. मग कुलूप कुठले? कागदाचे.

आमचा भाचा नेमका इथे फसला. त्याने लिहिलेले, चाल लावलेले, स्वतःच रेकॉर्ड केलेले एक लग्नाचे गाणे एका कंपनीने ठोक रकमेला घेतले. दोन पानांचा इंग्रजी कागद होता. त्याने न वाचता सही केली. पुढे ते गाणे जिल्ह्यातल्या हळदी-वरातींत वाजू लागले. व्हिडिओखाली कंपनीचे नाव होते, गायकाचे होते. याचे कुठेच नव्हते. माझी बहीण शेजारच्या लग्नात ते गाणे ऐकून म्हणाली, "हे माझ्या पोराचे आहे." कुणी विश्वास ठेवला नाही.

आमच्याकडे शेत घेताना अडाणी माणूससुद्धा आधी सातबारा बघतो. गाण्याचाही सातबारा असतो, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. कायद्याप्रमाणे शब्दांवर पहिला हक्क साधारणपणे गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा. चाल स्वरलिपीत लिहिलेली असण्याची गरज नाही. हा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षे टिकतो, म्हणजे नातवंडांपर्यंत जातो. रेकॉर्डिंगवरचा हक्क निराळा, तो ज्याने पुढाकार घेऊन रेकॉर्डिंग करवून घेतले त्याचा. त्यामुळे भाड्याने नुसते रेकॉर्डिंग, मिक्सिंग करून देणाऱ्याने आपला मेहनताना आधीच ठरवून घ्यावा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

सगळ्यात मोठी गोष्ट 2012 च्या दुरुस्तीने केली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू लावून धरली होती. त्या दुरुस्तीनंतर गाण्याच्या पुढच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला कराराने सोडून देता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. सही करून बसलेल्या पोरासाठीही ही वाट उघडी आहे. पण पैसे आपोआप घरी चालत येत नाहीत. आयपीआरएससारख्या संस्थेचे सभासद व्हावे लागते, आपल्या गाण्यांची नोंद करावी लागते. शेत आपले असले तरी फेरफार आपल्यालाच करून घ्यावा लागतो, तसेच हे.

हे सगळे मी भाच्याला समजावत होतो. तो कंपनीवर चिडला होता आणि त्याचे चिडणे बरोबर होते. तेवढ्यात मला आठवले, त्याच्या खोलीत मागच्या महिन्यात एक म्हातारे कव्वाल चाचा हार्मोनियम वाजवायला आले होते. मी विचारले, "चाचांचे नाव लिहिलेस का रे?" तो गप्प. "किती दिले?" "पाचशे." पुन्हा गप्प.

हा अन्याय काही नवा नाही. हिंदी सिनेमाची सोनेरी गाणी ज्या गोव्याच्या वादक-अरेंजर लोकांनी सजवली, त्या सेबास्टियन डिसोझांसारख्यांची नावे पोस्टरवर क्वचितच आली. अँथनी गोन्साल्विस हे नाव लोकांना ठाऊक झाले ते 'अमर अकबर अँथनी'मुळे, आणि ते पात्राचे नाव म्हणून. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते, हे कितीजणांना माहीत असते? आज कायद्याने वादक-गायकांनाही कलाकार म्हणून हक्क दिले आहेत. पण खोलीत माईकसमोर बसलेल्या चाचांना ते सांगणार कोण? ज्याच्या हातात रेकॉर्डचे बटन आहे त्यानेच सांगायला हवे. स्टेजवरून उठून निर्मात्याच्या खुर्चीत बसले की माणूस मजुराचा मालक होतो. कंपनीने आपल्याशी जे केले तेच आपण खालच्याशी करायचे असेल, तर खुर्ची बदलून काय मिळवले?

आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. दुसऱ्याच्या घरची दासी, दळण-कांडण करणारी. तिच्याकडे ना जमीन, ना सत्ता. पण आपल्या अभंगांत ती आपले नाव गुंफत गेली. पेशवाईतल्या मुसलमान शाहिराने, सगनभाऊनेही लावणीत आपले नाव ठेवले. म्हणून आज आपण म्हणू शकतो, हे जनीचे, हे सगनभाऊचे. कायदा नव्हता तेव्हाही या माणसांनी आपल्या रचनेवरचे नाव पुसू दिले नाही.

भाच्याने परवा नवे गाणे टाकले. खाली नावांची यादी आहे. गीत-संगीत म्हणून त्याचे नाव, गाणाऱ्या मुलीचे नाव, आणि हार्मोनियमसमोर चाचांचे. चाचांनी नातवाकडून ती ओळ तीनदा वाचून घेतली म्हणे. पैशांचा हिशेबही आता वहीत लिहिला जातो.

आता मोहल्ल्यात कुणी "नहीं तो परभणी" म्हणाले, तर भाचा हसतो. गाणे परभणीत बनते आहे, आणि यावेळी त्याचा सातबारा कोरा नाही.